विश्लेषण : मणका मोडलेल्या सैनिकांना अंथरुणातून मैदानात आणणारे डॉ. लुडविग गुटमान कोण होते?

ऑगस्ट १९७२. पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणाची शर्यत झाली आणि सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी ती ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताला पॅरालिम्पिकमध्ये मिळालेलं हे पहिलं सुवर्णपदक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी पेटकर लष्करात बॉक्सिंग करायचे. जखमी झाल्यावर रुग्णालयात उपचार सुरू असताना ते पोहण्याकडे वळले. २०२४ मध्ये आलेल्या ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरांत पोहोचली.

पेटकर ज्या स्पर्धेत पोहले, तिची सुरुवात मात्र स्टेडियममध्ये झालेली नव्हती. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या हिरवळीवर, व्यायामाच्या वेळापत्रकातून ती जन्माला आली. सुरू करणारे गुटमान क्रीडा संघटक नव्हते. ते मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर होते, जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित होते, आणि त्यांच्या दृष्टीनं खेळ हा फिजिओथेरपीचाच पुढचा टप्पा होता.

मणका मोडला की तेव्हा काय व्हायचं?

लुडविग गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी झाला. तेव्हा हा भाग जर्मनीत होता, आज तो पोलंडमध्ये आहे. पुढे कुटुंब क्योनिगशुट्टे या कोळशाच्या खाणींच्या शहरात राहायला गेलं. पहिलं महायुद्ध सुरू असताना, १९१७ मध्ये, ते तिथल्या अपघात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करू लागले.

एके दिवशी एका धट्टाकट्टा खाण कामगाराला तिथे आणलं गेलं. पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरमध्ये घातलं आणि खाटेभोवती पडदे लावून त्याला इतर रुग्णांपासून वेगळं केलं. तरुण गुटमान त्याच्या तब्येतीची टिपणं काढू लागले, तेव्हा फार लिहिण्याची तसदी घेऊ नये, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. पाच आठवड्यांनी तो कामगार गेला. हा प्रसंग गुटमान शेवटपर्यंत विसरले नाहीत.

डॉक्टर निर्दय होते असं नाही. तेव्हाचा अनुभवच तसा होता. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के दगावले, असं सांगितलं जातं.

पण हे रुग्ण मरायचे कशानं? मोडलेल्या मणक्यानं नव्हे, तर त्यानंतर होणाऱ्या दोन गोष्टींनी. मज्जारज्जू ही मेंदू आणि शरीर यांच्यातली मुख्य केबल आहे असं समजा. ती तुटली की खालच्या भागातून वेदनेचा संदेश वर जात नाही. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण एका जागी दाब पडला की शरीर कुरकुरतं. या रुग्णाला ती कुरकुर ऐकूच येत नाही. माकडहाड, टाचा, खुबा अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यात कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि काही तासांत मांस मरायला लागतं. हेच बेडसोर. ते हाडापर्यंत खोल जातात, त्यात जंतू शिरतात आणि विष रक्तात पसरतं. दुसरी गोष्ट मूत्राशयाची. ते पूर्ण रिकामं होत नाही, लघवीत जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढतो.

म्हणजे मृत्यूची दोन्ही कारणं टाळता येण्यासारखी होती. त्यासाठी हवे होते हात, वेळ आणि चिकाटी. पण जो मरणारच आहे, त्याच्यावर एवढी मेहनत कोण घेणार? आणि मेहनत न घेतल्यामुळे तो मरायचाच. गुटमान यांनी आयुष्यात मोठं काय केलं असेल, तर हे चक्र तोडलं.

ब्रेस्लाउ ते ऑक्सफर्ड

वैद्यकीय शिक्षणानंतर गुटमान यांनी ब्रेस्लाउमध्ये ओटफ्रिड फोर्स्टर या नामवंत मज्जाविकारतज्ज्ञाच्या हाताखाली काम केलं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढण्यात आलं. गुटमान ब्रेस्लाउच्या ज्यू हॉस्पिटलमध्ये गेले आणि १९३७ मध्ये त्याचे प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली. त्या रात्री जो कुणी दाराशी येईल त्याला आजार न विचारता भरती करून घ्या, असा आदेश गुटमान यांनी दिला. ६४ जण आत आले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे लोक झडतीला आले, तेव्हा गुटमान त्यांना खाटेखाटेपाशी नेऊन प्रत्येकाचा काही ना काही गंभीर आजार सांगत गेले. ६० जण छळछावणीतून वाचले.

पुढच्या मार्चमध्ये ते पत्नी आणि दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेनं त्यांची सोय लावली होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचं काम मिळालं, पण रुग्ण पाहण्याची मोकळीक फारशी नव्हती. ज्याचा सगळा जीव वॉर्डात, अशा माणसाला ही चार वर्षं जड गेली असणार.

दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा

१९४३ मध्ये ब्रिटिश सरकार युरोपच्या किनाऱ्यावर मोठ्या चढाईची तयारी करत होतं. मणक्याला जखमा झालेले सैनिक मोठ्या संख्येनं येणार हे उघड होतं. त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढायचा ठरला आणि गुटमान यांना विचारणा झाली. त्यांनी एकच अट घातली. उपचार आपल्या पद्धतीनं होतील, त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. एवढा हुशार डॉक्टर या निरुपयोगी कामात स्वतःला का गाडून घेतोय, असं तेव्हा अनेक सहकाऱ्यांना वाटलं होतं.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येला, एल्सबरीजवळच्या स्टोक मँडविल हॉस्पिटलात हा विभाग सुरू झाला. पहिल्या वॉर्डात दोन डझन खाटा होत्या. इतर रुग्णालयांतून रुग्ण येऊ लागले, ते बहुतेक प्लास्टरमध्ये जखडलेले, गुंगीच्या औषधांखाली आणि प्लास्टरखाली बेडसोर झालेले. गुटमान यांनी आधी प्लास्टर कापून काढलं. मग गुंगीची औषधं कमी केली.

त्यानंतर आला तो प्रसिद्ध नियम. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. दिवसा बदलायची आणि रात्रीही बदलायची.

ऐकायला साधं वाटतं. गणित करून पाहा. एका रुग्णाला दिवसाला १२ वेळा वळवायचं. २४ खाटा भरलेल्या असतील तर २८८ वेळा. एका वेळी दोन-तीन माणसं लागतात, कारण कणा न वाकवता अख्खं शरीर एका रेषेत फिरवायचं असतं. उशा पुन्हा रचायच्या, कातडी तपासायची, कुठे लाली दिसतेय का बघायचं. हे काम नीट चाललंय की नाही हे पाहायला गुटमान रात्रीबेरात्री स्वतः वॉर्डात यायचे. लघवीची नळी घालण्याचं कामही सुरुवातीला डॉक्टरांनीच, पूर्ण निर्जंतुक पद्धतीनं करायचं असा त्यांचा दंडक होता. पेनिसिलिन नुकतंच हाताशी आलं होतं, त्याचाही मोठा आधार झाला. पण पेनिसिलिन कूस बदलत नाही.

फिजिओथेरपीनं नेमकं काय साधलं?

जीव वाचला, पुढे काय? कमरेखाली हालचाल नसलेला माणूस बसणार कसा, हा यांत्रिक प्रश्न आहे. पोटाचे आणि कमरेचे स्नायू काम करत नसतील तर धड म्हणजे तळाशी पकड नसलेला खांब. हात सोडला की माणूस कोलमडतो.

इथे शरीराच्या रचनेतली एक खुबी गुटमान यांनी नेमकी हेरली. पाठीवर काखेपासून कमरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला एक मोठा स्नायू असतो, लॅटिसिमस डॉर्साय. जिममध्ये जाणारी मंडळी त्याला ‘लॅट्स’ म्हणतात. त्याचं खालचं टोक पाठीच्या खालच्या मणक्यांना आणि कमरेच्या हाडाला जोडलेलं असतं, पण त्याला चालवणाऱ्या नसा मानेतून निघतात. म्हणजे इजा छातीच्या किंवा पाठीच्या मणक्यात असेल, तर या स्नायूचा वीजपुरवठा तुटत नाही. वरच्या जिवंत शरीराला खालच्या लुळ्या शरीराशी जोडणारा हा पूल आहे. तो बळकट केला तर रुग्ण खांद्यांच्या जोरावर कंबर सांभाळू शकतो.

सगळी फिजिओथेरपी या पुलाभोवती रचली गेली. आधी फिजिओथेरपिस्ट रुग्णाचे लुळे पाय रोज हलवायचे, म्हणजे सांधे आखडू नयेत. मग हळूहळू बसवायचं. महिनोन् महिने आडवं राहिलेल्या माणसाचा रक्तदाब बसताच घसरतो, चक्कर येते, म्हणून थोडं थोडं. मग आरशासमोर बसवायचं. खालून शरीर कुठे आहे हा संदेश येत नाही, तर तो डोळ्यांनी मिळवायचा. रुग्ण आरशात बघून आपला तोल शिकायचा. आधी दोन्ही हात टेकून, मग एक हात उचलून, मग दोन्ही. मग चेंडू फेकायचा आणि झेलायचा. कपडे घालणं, खाटेवरून व्हीलचेअरवर सरकणं आणि पायांना आधाराच्या पट्ट्या लावून दोन दांड्यांमध्ये उभं राहणं हे त्यानंतर.

रुग्णांना हे सगळं आवडायचं असं मुळीच नाही. ज्यांना आपण संपलो असं सांगितलं गेलं होतं, त्यांना सकाळी उठवून कामाला लावलं जात होतं. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग, काहीतरी करावंच लागे. काहींनी कुरकुर केली, काहींनी सरळ विरोध केला. गुटमान ऐकत नसत. ते करडे होते, रागीट होते, आणि तेच रुग्ण पुढे त्यांना ‘पॉपा’ म्हणू लागले. काही जण नोकरीला लागले, काहींनी संसार थाटला.

उपचार करणाऱ्यांच्या पदरात काय पडलं?

रुग्णांना काय मिळालं हे दिसतंच. उपचार करणाऱ्यांच्या बाबतीत काय झालं, ते मात्र सहसा सांगितलं जात नाही.

त्या काळात लुळ्या रुग्णांचा वॉर्ड कुणालाच नको असायचा. दुर्गंधी, जखमा, आणि शेवट ठरलेला. नर्स असो की डॉक्टर, आपल्या हातून कुणी बरं होतंय हे दिसण्याची शक्यताच नव्हती. फिजिओथेरपी या व्यवसायालाही तेव्हा पुरता मान नव्हता. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांच्या संस्थेच्या नावात १९४० च्या दशकापर्यंत ‘मसाज’ हा शब्द होता. डॉक्टर सांगतील तिथे चोळून द्यायचं, विजेचा शेक द्यायचा, अशीच समजूत.

स्टोक मँडविलमध्ये उलटं झालं. इथे डॉक्टरांच्या हातात शस्त्रक्रिया नव्हती, जादूची गोळी नव्हती. रुग्ण बसणार की नाही, घरी जाणार की नाही, हे ठरत होतं व्यायामाच्या खोलीत. काल जो हात टेकल्याशिवाय बसत नव्हता, तो आज दहा सेकंद बसला, हे सगळ्यात आधी पाहणारी व्यक्ती होती त्याची फिजिओथेरपिस्ट. या कामातला मोबदला असाच, सेकंदांत आणि इंचांत मिळतो. पण तो रोज मिळतो आणि डोळ्यांसमोर मिळतो. जिथे जायला कुणी तयार नव्हतं, त्या हॉस्पिटलात पुढे जगभरातून डॉक्टर आणि थेरपिस्ट शिकायला येऊ लागले. तिथल्या फिजिओथेरपी विभागाचं नेतृत्व केलेल्या आयडा ब्रोम्ली यांचं मणक्याच्या इजांवरचं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि फिजिओथेरपीच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

सुरुवात तिरंदाजीपासूनच का?

वॉर्डातली शारीरिक शिक्षणाची जबाबदारी लष्करातून आलेल्या एका प्रशिक्षकाकडे होती. व्हीलचेअरवर बसून, काठ्यांनी चकती ढकलत खेळायचा एक पोलोसारखा खेळ सुरू झाला. तो फारच धसमुसळा निघाला, म्हणून बंद करून त्याजागी नेटबॉल, पुढे बास्केटबॉल आला. रोज तेच ते व्यायाम करून कंटाळलेला रुग्ण खेळताना तासभर घाम गाळतो आणि आपण व्यायाम केला हे त्याच्या लक्षातही येत नाही. गुटमान यांना हेच हवं होतं.

तिरंदाजीत तर सगळंच जुळून आलं. धनुष्य ताणताना खांदे, दंड आणि तोच पाठीचा पंख्यासारखा स्नायू कामाला लागतो. धड स्थिर ठेवावं लागतं, म्हणजे तोलाचा सराव. शिवाय बाण सोडताना पायांची फारशी गरज नाही, त्यामुळे व्हीलचेअरवरचा तिरंदाज धडधाकट तिरंदाजाच्या बरोबरीनं उतरू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या हिरवळीवर तिरंदाजीचा सामना झाला. १४ पुरुष आणि २ महिला, एकूण १६ स्पर्धक. एका बाजूला हॉस्पिटलचा संघ, दुसऱ्या बाजूला रिचमंडमधल्या अपंग सैनिकांच्या ‘स्टार अँड गार्टर’ या निवासाचा संघ. पाहुण्यांचा संघ जिंकला. त्याच दिवशी रुग्णांसाठी खास बनवलेली एक बसही हॉस्पिटलला मिळाली, आणि बाहेरगावी जाऊन खेळण्याची सोय झाली.

१९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोम ऑलिम्पिकनंतर काही दिवसांतच त्याच शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. राहण्याच्या इमारतींना जिने होते, लिफ्टची सोय नव्हती. इटालियन सैनिकांनी खेळाडूंना व्हीलचेअरसकट उचलून वर-खाली नेलं. हीच स्पर्धा पुढे पहिली पॅरालिम्पिक म्हणून ओळखली गेली. १९६४ मध्ये ती टोकियोत झाली. तिथे पुढाकार घेणारे डॉ. युटाका नाकामुरा गुटमान यांच्याकडे शिकून गेलेले होते. १९७२ मध्ये म्युनिकच्या क्रीडाग्रामाचे फ्लॅट करायचे असल्यानं स्पर्धा हायडेलबर्गला गेली. ज्या देशातून परागंदा व्हावं लागलं होतं, त्या देशात गुटमान आपली स्पर्धा घेऊन आले होते.

गुटमान चुकले कुठे?

ते एकाधिकारशाहीनं वागत, ही तक्रार अनेकांची होती. मणक्यावर घाईनं शस्त्रक्रिया करण्याला त्यांचा कडक विरोध होता. उशा रचून, रुग्णाला योग्य स्थितीत आडवं ठेवून मणका जुळू द्यावा, असं त्यांचं मत. त्या काळातल्या शस्त्रक्रियांचे निकाल पाहता ते चूक म्हणता येणार नाही. पण नंतर तंत्र सुधारलं. आज अनेक रुग्णांचा मणका स्क्रू आणि सळ्यांनी लवकर स्थिर करतात, म्हणजे ते लवकर बसू शकतात आणि फिजिओथेरपी लवकर सुरू होते. गुटमान यांच्या स्पर्धाही बराच काळ फक्त मज्जारज्जूच्या इजेच्या खेळाडूंपुरत्या राहिल्या. अंध आणि हात-पाय गमावलेले खेळाडू १९७६ मध्ये टोरोंटोला पहिल्यांदा आले.

दुसऱ्या बाजूनंही सावध राहायला हवं. गुटमान यांनी कुणाचा तुटलेला मज्जारज्जू जोडला नाही. तो आजही जोडता येत नाही. त्यांचे बहुसंख्य रुग्ण पुन्हा पूर्वीसारखे चालले नाहीत. फिजिओथेरपीनं सगळं पूर्ववत होतं, अशी जाहिरात कुणी करत असेल तर ती खोटी आहे. गुटमान यांचं उद्दिष्ट वेगळं होतं. जे उरलंय ते पूर्ण वापरायचं आणि माणसाला घरी, कामावर, लोकांत परत पाठवायचं.

१९६६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६९ मध्ये हॉस्पिटलशेजारी अपंग खेळाडूंसाठी बांधलेल्या स्टेडियमचं उद्घाटन राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झालं. १८ मार्च १९८० रोजी गुटमान यांचं निधन झालं. स्टोक मँडविलचा विभाग आजही सुरू आहे. लंडन २०१२ पॅरालिम्पिकच्या शुभंकराचं नाव ‘मँडविल’ होतं.

पुण्यात खडकीला मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथेही व्यायामाच्या जोडीला खेळ आहेत. आणि झाडावरून पडून किंवा दुचाकीच्या अपघातात मणका मोडलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी निघतो, तेव्हा नातेवाइकांना पहिली सूचना आजही तीच मिळते. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीचा गजर लावून ठेवा, आणि टाचांखालची कातडी रोज तपासा.